नेफ्यातला नाडा आणि खैरुनबीचा पाय

पोंभुर्ण्यात कुणाच्या घरी लग्न ठरलं की ती बातमी सगळ्यांत आधी खैरुनबीच्या शिलाई मशीनपाशी पोचायची. काजीसाहेब, भंतेजी, भटजी यांच्याकडे निरोप नंतर जायचे. आधी नवरीची आई कापडाची पिशवी बगलेत मारून खैरुनबीच्या ओसरीवर हजर. अर्ध्या गावाच्या पोरी तिच्या हातचे कपडे घालून सासरी गेल्या होत्या. विहारात लागणाऱ्या लग्नाचं पांढरं ब्लाऊज असो की मोहल्ल्यातला लाल गरारा, खैरुनबी नुसती नजर टाकून सांगायची, "पोरगी मागच्या दिवाळीपासून वाळली दिसते. काऊन, जेवत नाई का?" आणि माप घेतलं की तसंच निघायचं.

तर अशा बाईच्या स्वतःच्या पोरीचं लग्न ठरलं. रूहीचं. मुलगा सलमान, आलापल्लीचा, सागवानी फर्निचर करणारा सुतार. घरात नुसता आनंदीआनंद. रूहीच्या अब्बांनी, गफ्फारभाईंनी, आपल्या सायकलच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पंक्चर काढता काढता बातमी सांगितली, आणि नवरीच्या पोशाखाबद्दल खैरुनबीनं त्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "जोडा मी शिवणार. चंद्रपूरचा तयार जोडा माझ्या पोरीच्या अंगावर चढला, तर मग इतके वर्ष मी या मशीनवर का माशा मारत बसली होती?"

रीतीप्रमाणे कापड मुलाकडून यायचं होतं. ते घेऊन सलमानची आई नाहीदबी स्वतः आली. लालभडक कापड, काठाला लावायचा सोनेरी गोटा, अस्तरसुद्धा गुळगुळीत. रूही तर कापडाला गाल लावून बसली. खैरुनबीनं पाहुणीचं स्वागत मशीनमागे बसूनच केलं. उठली नाही, दारापर्यंत सोडायला गेली नाही. नाहीदबीला वाटलं असेल, विहीणबाई जरा तोऱ्यातल्या दिसतात.

खरी गोष्ट साडीच्या घोळाखाली होती. खैरुनबीचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेला होता. हत्तीपाय. ही सूज कालपरवाची नाही, पार थोरल्या मुलाच्या, मोहसीनच्या, जन्माच्या आसपासची. आधी फक्त संध्याकाळी यायची नि सकाळी उतरायची, मग उतरेनाशीच झाली. उजव्या पायात बाजारातली चप्पल, आणि डाव्या पायासाठी गफ्फारभाईंनी घरी केलेली: रबरी तळ आणि वर सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी. पाय फुगला की पट्टी ताणते, अशी ती सोय. वर्षातून दोन-चारदा ताप यायचा, जांघेत गाठ उठायची, पाय तव्यासारखा तापायचा, आणि खैरुनबी अंथरुणाला लागायची.

हे झालं कशानं, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. जन्मभर पायडल मारल्यानं. डाव्या पायावर जोर जास्त पडतो, म्हणून डावाच सुजला. शेजारच्या कमलाबाईंनी सांगितलं, आलेगेले सांगून गेले, आणि खैरुनबीलाही ते पटलं. म्हणूनच मोहसीन, जो चंद्रपूरला विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होता, तो मागच्या ईदेला पगारातून मशीनची मोटर घेऊन आला. स्वतःच्या हातानं बसवली. चाकावरचा चामड्याचा पट्टा काढून खिळ्याला टांगला आणि म्हणाला, "अम्मी, बस झालं आता. पाय हलवाचाच नाई. नुसतं अंगठ्यानं बटन दाबायचं."

खैरुनबीनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हापासून ती सकाळी बसली की दुपारच्या जेवणापर्यंत आणि जेवणानंतर दिवेलागणीपर्यंत, डावा पाय जमिनीवर गाठोड्यासारखा ठेवून बसून राहायची. बटण दाबायचं कामही उजव्या पायाकडे. संध्याकाळी डावा पाय भिजलेल्या गोधडीएवढा जड व्हायचा. "उमर झाली," ती म्हणायची.

आणि नेमका जोड्याचं कापड बेतायच्या दिवशीच ताप आला.

असा आला की हातातली कात्री खाली पडली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. पाय लाल, हात लावू देईना. रूही रडायला लागली. कमलाबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "विळा तापवा अन् डाग द्या गफ्फारभाऊ. आमच्या सासऱ्याले दिला होता."

"मग उतरला का पाय?" गफ्फारभाईंनी विचारलं.

"पाय कायचा उतरते! पण मन तं राह्यलं नं, का काही केलं म्हून."

गफ्फारभाई चुलीकडे बघत उभे. मोहसीनचा फोन आला तो वेगळाच: जोडा चंद्रपूरला पाहून ठेवतो, अम्मीला त्रास नको. हे ऐकलं आणि तापातही खैरुनबी कोपरावर उठून बसली. "त्याले सांग, तयार जोडा आणशील तं तुझ्याच अंगात घालीन!"

याच गोंधळात दारात रिना उभी राहिली. वामनरावांची मुलगी, विहाराच्या मागच्या गल्लीतली, हत्तीरोगाच्या कामावर नव्यानं लागलेली. घरोघर फिरायची, गोळ्या घेतल्या का विचारायची. खैरुनबीनं तिला आजवर चार वेळा दारातूनच "सगळे बरे आहेत" म्हणून वाटेला लावलं होतं. आज तापलेला पाय उघडाच होता.

"चाची," रिना पायाशी बसत म्हणाली, "डाग नाई द्यायचा. चामडी आधीच नाजूक झाली, तिले आणखी फोडता का?"

तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून औषध आणवलं. थंड पाण्याच्या पट्ट्या, पायाखाली उशा, आणि सक्त आराम. "ताप आहे तोवर ना चोळायचं, ना हलवायचं." ताप उतरल्यावर मात्र ती पाणी, साबण घेऊन आली आणि खैरुनबी नको नको म्हणत असताना तिनं तो पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. एवढ्या वर्षांत घरच्याशिवाय कुणी त्या पायाला हात लावला नव्हता. खैरुनबीनं पदर तोंडावर ओढून घेतला.

रिनाला त्याचं काही नाही. ती हलक्या हातानं बोटांच्या बेचक्या उघडून पाहत होती. तिथं कातडी ओली, पांढरी, चिरलेली. "हे पाहा! ताप इथून येते. या भेगांमधून जंतू आत शिरतात. रोज धुवायचं, अन् कोरडं करायचं, मलम लावायचं. पुसाले मऊ सुती कपडा पाह्यजे."

रूहीनं कोपऱ्यातलं गाठोडं उघडलं. मलमलच्या कतरणींचा ढीग.

"घ्या! घरात कपड्याचा डोंगर, अन् बोटं ओली!" रिना हसली. मग म्हणाली, "चाची, तुमचा टेप द्या बरं. मापून ठेवू."

सगळ्या गावाचं माप जिच्या डोक्यात, तिनं स्वतःच्या या पायाला कधी टेप लावला नव्हता. रूहीनं घोट्याच्या वर टेप गुंडाळला, आणि खैरुनबीनं आकडा न वाचताच सुई घेऊन टेपावर त्या जागी लाल धाग्याचा टाका घातला. "आकडे नको सांगू. हा धागा बस झाला."

रोज धुणं सुरू झालं. मग ताप आला नाही. पण बाकी तेच. सकाळी टेपाचं टोक धाग्याच्या जरा अलीकडे मिळायचं, आणि दिवसभर मोटरवर बसलं की संध्याकाळी पुन्हा धाग्यावर. जोडा मात्र सुरू झाला होता. बाही लागली, गळा झाला, गराऱ्याच्या चुण्या बसायला लागल्या. लग्न अगदी तोंडावर आलं आणि गावाला वीज देणारी डीपी जळाली.

भारनियमनाची सवय होती, दुपारचे काही तास वीज जायचीच. पण हे वेगळं. "नवीन डीपी येईल तेव्हा येईल," लाईनमन म्हणाला आणि सायकलला टांग मारून गेला. गरारा अर्धा. गोटा लावायचा बाकी. मोटर मेल्यासारखी गप्प.

"मी मारते पायडल," रूही म्हणाली. "अम्मी, तू फक्त कपडा धर."

पट्टा चढवला. पोरीचे पाय खाली, आईचे हात वर. मशीन आधी रुसली, मग अशी उधळली की टाका थेट अस्तरावरून पलीकडे. "अगं थांब! थांब म्हणते नं!" रूही थांबली ती चाक उलटं फिरवूनच. धागा तुटला. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, आणि हसता हसता रूहीच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे अम्मी. भाईजान आणतो म्हणते तं आणू दे."

खैरुनबी हसायची थांबली. "सरक तिकडं."

"अम्मी, पाय..."

"पाय काल होता तेवढा आज हाये, उद्या आणखी सुजेल. सुजू दे. पोरीचा जोडा अर्धा नाई राहणार माझ्या घरी."

गफ्फारभाई दुकानातून धावत आले, पण तोवर मशीन चालू झाली होती. टापा-टापा-टापा. किती महिन्यांनी तो आवाज! टाच खाली, बोटं वर, बोटं खाली, टाच वर. डाव्या पायाला आधी ओझं वाटलं, मग त्याला जुनी चाल आठवली. लाल कापड सुईखालून असं सरकत होतं जणू वाटच बघत होतं. मध्ये रूहीनं चहा दिला, तो गार झाला. गफ्फारभाई दारात उभे राहून नुसते, "बस कर, बस कर," म्हणत होते, पण बघत होते गराऱ्याकडे.

संध्याकाळी सगळ्यांची हिंमत खचली. पाय बघायचा कुणी? खैरुनबी भिंतीकडे तोंड करून बसली. रूहीनं टेप गुंडाळला आणि डोळे जवळ नेऊन पाहिलं.

"सांग एकदाचं. धाग्याच्या किती पुढं गेला?"

"अम्मी... अलीकडं हाये."

"टेप ढिला धरला तू."

पुन्हा मोजलं. अलीकडे. गफ्फारभाईंनी चष्मा लावून मोजलं. अलीकडे, आणि तेही संध्याकाळी! खैरुनबीनं टेप हिसकावून स्वतः लावला, तिच्या हाताला खोटं माप येतच नसे. धागा टेपाच्या टोकाखाली चक्क झाकला गेला होता.

"या अल्ला," ती पुटपुटली. "हे उलटं कसं?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मात्र रूही ओढणी सावरत धावतच विहाराच्या मागच्या गल्लीत गेली आणि रिनाला जेवणावरून उठवून घेऊन आली.

रिनानं पाय पाहिला, टेप पाहिला, मग तिची नजर मशीनकडे गेली, टेबलाखाली लटकणाऱ्या मोटरकडे. "ही का आहे?"

"मोटर. मोहसीननं लावली. ईदेपासून."

"म्हणजे तुम्ही पायडल मारतच नव्हत्या?" रिनानं कपाळावर हात मारला. "अन् मी समजून राह्यली, चाचीचा पाय दिवसभर हलतेच, वेगळा व्यायाम कायले सांगू! विचारलं असतं तं... चाची, पायडलनं सूज नाई आली. पायडल बंद केल्यानं वाढली!"

"काऊन पण? काही समजन असं सांग."

रिना पाट ओढून बसली. "हे पाहा. दिल रक्त ढकलते, ते बारीक बारीक नळ्यांमध्ये येते. तिथून थोडं पाणी बाहेर झिरपते, मांसाले ओलं करते, त्याले खाऊपिऊ घालते. त्यातलं पुष्कळ पाणी परत रक्तात जाते. पण सगळं नाई. जे उरते ते उचलाले अंगभर वेगळ्या नळ्या आहेत, रक्ताच्या नाई, पाण्याच्या. लसीका म्हणतात त्या पाण्याले. ते पायातून वर चढत चढत जांघेत, पोटातून छातीत..."

"वर चढते? वर कोण ढकलते? दिल?"

"तेच तं! या पाण्याले दिल नाई. नळी थोडीशी आपली आपण आकसते; बाकीचं काम मांसाचं. पाय हालला, पिंढरी आवळली की नळी दाबली जाते, पाणी पुढं सरकते. पाय थांबला की पाणीही..."

खैरुनबी एकदम उठून उभी राहिली. गराऱ्याचा नेफा तिच्या हातात होता, कमरेची ती पोकळ कापडी पट्टी, जिच्यातून नाडा ओवायचा. तिनं नाड्याच्या टोकाला पिन अडकवून ती आत घातली. "थांब! असं का? पिन आत दिसत नाई. बाहेरून कपडा चुरगाळायचा, मग पुढं ताणायचा. चुरगाळायचा, ताणायचा. हात थांबला का नाडा थांबला!"

"अगदी असंच!" रिनाही उठली.

"पण नाडा सटकून मागं आला तर?" रूहीनं विचारलं.

आता गफ्फारभाईंना राहवेना. "व्हॉल्व्हट्यूब असन! हवा आत जाते, बाहेर येत नाई. हाये का व्हॉल्व्ह?"

"आहे चाचा! जागोजागी आहेत."

"पाहा!" गफ्फारभाईंनी बायकोकडे असं पाहिलं जणू ते व्हॉल्व्ह त्यांनीच बसवले होते.

"मग माझेच काऊन बिघडले?"

"मच्छर. नालीतल्या घाण पाण्यावरचे. ते चावले की बारीक अळ्या अंगात येतात, अन् त्यांचे शिवायच्या धाग्यासारखे किडे होतात. राहतात ते याच नळ्यांमध्ये. नळ्या फुगून सैल पडतात, मग व्हॉल्व्ह बसत नाई नीट."

"नेफा सैल पडला," खैरुनबी हळूच म्हणाली. मग तिला ती जांघेतली गाठ आठवली. "अन् ताप आला का गाठ येते ती?"

"ती चौकी. तशा गाठी जांघेत आहेत, काखेत आहेत, मानेत आहेत. पाणी त्यांतून गाळून जाते, जंतू तिथं पकडले जातात. पायात जंतू शिरले की जांघेतल्या चौकीत मारामारी."

खैरुनबी स्वतःच्या अंगाकडे पाहत राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांची अंगं मापलेला तिचा हात आपोआप फिरला. "जांघ, काख, मान. रिना, कपड्याले जिथं जोड द्यावा लागते तिथंच त्या गाठी! बाहीचा मुंढा इथं, गळा इथं. अन् शेवटी पाणी जाते कुठी?"

रिनानं तिचं बोट तिच्याच गळ्याच्या हाडाखाली नेऊन ठेवलं. "इथी. मोठ्या रक्ताच्या नळीत परत."

"इथून तं मी गळ्याचं माप घेते!" खैरुनबी एवढ्या मोठ्यानं म्हणाली की कमलाबाई कुंपणावरून डोकावल्या. "का झालं? ताप आला का परत?"

"ताप नाई कमलाबाई, उजेड आला!"

"डीपी बसली का?" म्हणत कमलाबाई आपलं बटण दाबायला घरात पळाल्या.

रिनानं जाताना दोन गोष्टी बजावल्या. पाय पहिल्यासारखा होणार नाही, ती आशा धरायची नाही. पण हलका राहील, ताप टळेल. आणि पायडल मारताना मधून मधून उठायचं, थोडा वेळ पाय वर ठेवून विसावा घ्यायचा. तापाच्या दिवशी अजिबात नाही. खैरुनबीनं दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि ती निघायच्या आत मशीन सुरू केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मोहसीन आला. हातात पिशवी, पिशवीत चंद्रपूरहून पाहून आणलेला जोडा, न जाणो म्हणून. दारातच त्याला टापा-टापा ऐकू आलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अम्मी! हे का करून राह्यली? अन् मोटर?"

खैरुनबीनं त्याला जवळ बसवलं, नेफा हातात दिला, पिन दिली. "नाडा घाल." मोहसीननं कापड न चुरगाळता पिन नुसती ढकलायचा प्रयत्न केला, मग चुरगाळून पुढं नेली. "हा," ती म्हणाली, "असा माझा पाय. तुझी मोटर चांगली हाये बेटा. पण तिनं माझ्या पायाचं काम काढून घेतलं, अन् पायाले तेच काम पाह्यजे होतं." मोहसीननंही टेप लावून पाहिला. मग पिशवीची गाठ न सोडताच ती माळ्यावर टाकून दिली.

लग्नाच्या सकाळी रूहीनं जोडा घातला. लाल रंग तिच्या चेहऱ्यावर उतरला होता, चुण्या पायाशी पाण्यासारख्या पडत होत्या. बाया नुसत्या "वा खैरुन, वा खैरुन" करत होत्या. इतक्यात रूहीनं कमरेचा नाडा ओढला आणि त्याचं एक टोक सुटून नेफ्यात गडप झालं. एकच कल्ला. खैरुनबी पिन घेऊन लेकीसमोर खाली बसली, आणि घाईत तिची साडी वर सरकली. समोरच नाहीदबी उभी होती.

तिनं पाय पाहिला. नाहीदबीनं वाकून हळूच विचारलं, "घरात आणखी कोणाले आहे का असं? म्हणजे... आईचं लेकीले..."

आणि बघा, याच प्रश्नाच्या भीतीनं खैरुनबी पाय मशीनमागे लपवून बसली होती. आठ दिवसांपूर्वी ती साडी ओढून गप्प बसली असती. आज तिचे हात नेफ्यावर होते आणि नाडा पुढं सरकत होता.

"मच्छर का सासर-माहेर पुसून चावते, नाहीदबी? नात्यानं नाई येत हे. माझ्या पोरीनं रिनाकडून हत्तीरोगाच्या गोळ्या घेतल्या. आलापल्लीले वाटाले आले का तुम्हीबी घ्या, सलमानलेही द्या." आणि पिन पलीकडच्या तोंडातून बाहेर काढत ती म्हणाली, "हे पाहा, आता नीट झालं."

नाहीदबीनं रूहीकडे पाहिलं, जोड्याकडे पाहिलं. मग तीही खाली बसली, विहिणीच्या बरोबरीनं, जमिनीवर. "माझी मोठी जाऊ," ती म्हणाली, "चार वर्षं झाले, अंगणाच्या बाहेर नाई पडली. तिले मी हे सांगू शकीन का? तुम्ही सांगितलं तसं?"

"नाड्याची एखादी जुनी सलवार ठेवा जवळ," खैरुनबी म्हणाली. "एकदम समजते."

संध्याकाळी पाठवणी झाली. गाडी रस्त्याला लागेपर्यंत खैरुनबी चालत गेली, सगळ्यांच्या पुढं, साडीचा घोळ जरा उचलूनच. परत येताना तिची डावी चप्पल फटाक फटाक वाजत होती. गफ्फारभाईंनी ओसरीवर बसून ती हातात घेतली. ट्यूबची पट्टी सैल पडली होती. त्यांनी कात्री काढली आणि डोळे पुसत म्हणाले, "आण इकडं पाय. पट्टी आखूड करतो."

खैरुनबी मशीनवर बसली होती. समोर कमलाबाईच्या सुनेचं ब्लाऊज आलेलं होतं. "आज नका कापू," ती पट्टा चाकावर नीट बसवत म्हणाली. "दोन-चार दिवस थांबा, आणखी कापावी लागन."